पद संपायच्या आत पडदा

माझा आवाज आठवीत फुटला. त्याआधी तीन वर्षं मी कोल्हापुरात नाट्यगीत स्पर्धांना जायचो. आईने इस्त्री केलेला सदरा, कपाळाला गंध आणि एका कॅसेटवरून जसंच्या तसं उचललेलं पद, असा ठरलेला थाट असायचा. ते पद कोणत्या नाटकातलं आहे हे मला पाठ होतं, कारण निवेदनात सांगावं लागायचं. पण नाटकात ते कोण म्हणतं, कुणाला उद्देशून म्हणतं आणि त्याच्या आधी काय घडलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोन बक्षिसं मिळाली. मग एका स्पर्धेत वरचा षड्ज लावताना घशातून भलताच आवाज आला आणि माझं गाणं तिथेच थांबलं. पुढे बारावी, इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी. तुमच्यापैकी अनेकांची गोष्ट साधारण अशीच असेल.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं. मी तिथल्या रंगमंचावर गायलो होतो. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ऑफिसमध्ये एका मित्राने विचारलं, ‘हे केशवराव कोण रे?’ मी म्हणालो, ‘गायक नट होते.’ त्यापुढे मला एक वाक्य बोलता येईना. ज्या माणसाच्या नावाच्या वास्तूत मी बक्षीस घेतलं, त्याच्याबद्दल माझ्याकडे दोनच शब्द होते.

त्या लाजेपोटी मी पुण्यात शनिवार-रविवारच्या एका संगीत नाटक वर्गात नाव घातलं. तिथल्या सरांचा एक नियम होता. ज्याला गायचंय त्याने पडद्यामागचं एक काम घ्यायचं आणि ज्याला पडद्यामागचं काम करायचंय त्याने एक तरी पद शिकायचं. आम्ही ‘सौभद्र’मधले काही प्रवेश बसवणार होतो. माझ्याकडे पडदे आणि दिवे आले.

*

मराठी नाटकाचा इतिहास आपण शाळेत एका ओळीत शिकतो : १८४३, सांगली, विष्णुदास भावे, ‘सीतास्वयंवर’. त्या नाटकात गाणारा माणूस मुख्यतः एकच होता, हे मात्र मला वर्गात येईपर्यंत माहीत नव्हतं. पदं सूत्रधार म्हणायचा. साथीला झांजा, मृदंग आणि मागे सूर धरणारे. राम, सीता, रावण त्या पदाबरहुकूम हावभाव करायचे आणि मधलं बोलणं बरंचसं आयत्या वेळी जुळवायचे. सरांनी आम्हाला अगदी तसं करायला लावलं. एकाने गायचं, चौघांनी वावरायचं. दहा मिनिटांत लक्षात आलं, की या पद्धतीत पात्राला स्वतःचा सूर नाही. ते दुसऱ्याच्या आवाजावर चालतं.

हे बदललं अण्णासाहेब किर्लोस्करांनी. पारशी कंपनीचं नाटक पाहून त्यांना आपणही असं करावं असं वाटलं, असं सांगितलं जातं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. त्यात दुष्यंत स्वतः गात होता, शकुंतला स्वतः गात होती. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. चाली कीर्तनातल्या होत्या, लावणीच्या होत्या, कानडी वळणाच्या होत्या, बायकांच्या तोंडी असलेल्या गाण्यांच्या होत्या. साकी, दिंडी, कामदा हे तर लोकांच्या कानात आधीच बसलेले. म्हणजे प्रेक्षकाला चाल ओळखीची वाटायची आणि ती आता सुभद्रेच्या तोंडून ऐकताना तिला नवा अर्थ यायचा.

पदं मात्र भरपूर. ‘शाकुंतल’मध्ये ती दोनशेच्या घरात आहेत. आज इतकी गाणी असलेलं नाटक कुणी बसवायला काढलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण त्यातली बरीच पदं लहान असतात. चार ओळी म्हणून पात्र पुन्हा बोलायला लागतं. मैफलीत अर्धा तास आळवलं जाणारं ‘नाट्यगीत’ ते हे नव्हे. इथे पद म्हणजे सुरात बोललेला संवाद.

*

पडद्यांचं काम मला बिनडोक वाटलं होतं. खाली सोडायचा, वर घ्यायचा. पहिल्या तालमीतच माझी फजिती झाली.

जुन्या संगीत नाटकाचं नेपथ्य रंगवलेल्या पडद्यांवर चालायचं. रस्ता, बाग, अरण्य, महाल. कंपनीकडे असे ठरावीक पडदे असत आणि ते बऱ्याच नाटकांना पुरत. पुढे सिनेमात नाव काढणारे कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊ सुरुवातीला नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवत होते. या पद्धतीत एक साधी युक्ती असते. रस्त्याचा पडदा रंगमंचाच्या पुढच्या भागात सोडायचा. त्याच्यापुढे दोन-तीन पात्रं उभ्या उभ्या प्रवेश करतात. तेवढ्यात मागे मंचक, आसनं, समया मांडून महाल तयार होतो. मग रस्ता वर जातो आणि महाल दिसतो. नाटक एक क्षणही थांबत नाही.

आमच्याकडे मागचा मंचक लावायला साडेतीन मिनिटं लागत होती आणि पुढचा संवाद दोन मिनिटांत संपत होता. मी सरांना म्हणालो, ‘आणखी दोन माणसं द्या.’ ते म्हणाले, ‘माणसं कशाला? पुढे पद आहे ना. नारदाला सांग, मागचं काम होईपर्यंत गा.’ आमच्या नारदाने शेवटची ओळ दोनदा घेतली, एक छोटी तान टाकली आणि मागून ठोकण्याचा आवाज बंद झाल्यावर समेवर आला. मंचक लागला होता.

लेखकाने पदं पडद्यासाठी लिहिली, असा दावा मी करणार नाही. पण रंगमंचावर उभं राहिल्यावर कळतं, की संवाद ठरलेल्या लांबीचा असतो आणि पद ताणता येतं. रोज वेगळ्या गावात, वेगळ्या तंबूत किंवा थिएटरात, वेगळ्या प्रेक्षकांपुढे खेळ करणाऱ्या कंपनीला अशी लवचीक जागा किती उपयोगाची पडत असेल! गायकाला विस्तार करण्याची मुभा होती, तशीच ती मागे घाम गाळणाऱ्या गड्यालाही होती.

दुसरा धडा आवाजाचा. एका रविवारी सरांनी सगळे माइक बंद केले आणि आम्हाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला सांगितलं. मी पुन्हा गायलो, चौदा वर्षांनी. आवाज तिसऱ्या रांगेत मेला. मग वर्गातल्या एका ताईंनी तीच ओळ दोन सूर वर चढवून, शब्द समोर फेकत म्हटली आणि ती स्वच्छ ऐकू आली. भाऊराव कोल्हटकर काय किंवा केशवराव भोसले काय, या मंडळींच्या चढ्या, धारदार आवाजाची वर्णनं मी वाचली होती आणि ती मला अतिशयोक्ती वाटली होती. त्या दिवशी त्यामागचं कारण समजलं. माइक नाही, दिवे तेलाचे नाहीतर गॅसचे, प्रेक्षकांत शेकडो माणसं आणि नाटक रात्रभर चालणारं. नटाचा चेहरा मागच्या माणसाला नीट दिसत नसे. भूमिका आवाजानेच पोचवावी लागे.

*

या सगळ्याचं शिक्षण कुठे मिळायचं? नाटक कंपनीतच. पोरं दहा-बारा वर्षांची असताना भरती व्हायची. जेवण तिथेच, झोपणं तिथेच, सकाळी गळ्याची मेहनत, दुपारी तालीम, रात्री खेळ. १८९०मध्ये जन्मलेले केशवराव लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेत गाजले. १९०८मध्ये त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची कंपनी काढली, तेव्हा ते अठराही वर्षांचे नव्हते. गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर असेच पोरवयात किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१८मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांची ‘बलवंत संगीत मंडळी’ उभी राहिली. गाणं, अभिनय, हिशेब, पडदे, प्रवास हे सगळं एकाच घरात शिकायला मिळायचं.

मला सगळ्यात जवळची वाटली ती भास्करबुवा बखल्यांची गोष्ट. तेही किर्लोस्कर मंडळीतले बालनट. सुरेल गळा, स्त्रीपात्रं करायचे. मग वयाप्रमाणे आवाज फुटला. अशा पोराची कंपनीतली किंमत एका रात्रीत उतरायची. भास्करबुवा बाहेर पडले, बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकायला गेले आणि पुढे मोठे ख्यालगायक झाले. १९१६मध्ये ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली त्यांनी दिल्या. ख्यालाच्या बंदिशींचं वळण त्यांनी रुक्मिणीच्या पदांना दिलं आणि ती पदं म्हणणारे होते बालगंधर्व. ज्या रंगभूमीने त्यांना आवाजामुळे गमावलं, तिच्याकडे ते विद्या घेऊन परत आले.

हे वाचून मी जरा भावुक झालो होतो. वर्गातल्या ताईंनी मला जमिनीवर आणलं. ‘तुला परत यायला वाट होती,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्यासारखीला आत जायलाच वाट नव्हती.’ खरं आहे. सुभद्रा भाऊराव, शारदा केशवराव, रुक्मिणी बालगंधर्व. ज्या पदांमधून मराठी स्त्रीचं मन कळतं असं आपण म्हणतो, ती अनेक वर्षं पुरुषांच्याच गळ्यातून ऐकली गेली. गाणाऱ्या स्त्रिया होत्याच, पण त्यांची घराणी आणि त्यांची कला यांच्याकडे समाज तिरक्या नजरेने पाहायचा. हिराबाई बडोदेकरांनी भावंडांसह कंपनी काढून स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करायच्या असं ठरवलं, तेव्हा ते धाडसच होतं. आमच्या ‘सौभद्र’मध्ये सुभद्रा ताईच करणार होत्या. त्यांना ती सहज मिळालेली वस्तू नव्हती.

*

मग गाणं नाटकापेक्षा मोठं कधी झालं? एखादी तारीख सांगता येत नाही, पण उतार दिसतो. १९११मध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं. गोविंदराव टेंब्यांनी त्याला ठुमरी-दादऱ्याच्या अंगाच्या चाली दिल्या. १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांची साथ करायला ऑर्गन आला, सारंगी होती आणि पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा बसले. अशी साथ असल्यावर गाणं वाढणारच. वन्समोअर पडायचा, पद पुन्हा व्हायचं, पुन्हा पडायचा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. एरवी दोन कंपन्यांचे मालक आणि प्रतिस्पर्धी. प्रेक्षक त्या दोन गळ्यांसाठी आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, वय अवघं ३१. माझ्या मित्राला त्या दिवशी मी हे सांगायला हवं होतं.

दहा वर्षांनी बोलपट आला आणि नाटकाची थिएटरं सिनेमाची झाली. १९३३मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. पदं मोजकी, चाली केशवराव भोळ्यांच्या, भावगीताच्या वळणाच्या, आणि स्त्रीभूमिकांत स्त्रिया. साठच्या दशकात ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार काळजात घुसली’ यांनी संगीत नाटक पुन्हा उभं केलं, ते आता माइकच्या जमान्यात. ‘कट्यार’चा विषयच शिक्षणाचा आहे. विद्या कुणाची, ती कुणाला द्यायची, न दिली तर काय होतं.

त्यानंतर पदं उरली आणि नाटकं मागे पडली. स्पर्धा, मैफली, रिॲलिटी शो. मी ज्या कॅसेटवरून शिकलो ती याच प्रवासाच्या शेवटी होती. तिच्यात सूर होता, ताल होता. पण रस्त्याचा पडदा नव्हता, मंचक नव्हता, समोर उभा अर्जुन नव्हता.

*

आमचा प्रयोग झाला, साधारण दीडशे प्रेक्षकांसमोर. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून दिव्यांचे सगळे क्यू मी बोर्डवर वेळ मोजून बसवले होते. सुभद्रेचं पद चार मिनिटं दहा सेकंद, त्यानंतर आठ सेकंदांत अंधार. तालमीत पाच वेळा अचूक झालं होतं.

प्रयोगात पद संपलं आणि मागच्या रांगेतून एका आजोबांनी वन्समोअर दिला. टाळ्या वाढल्या. ताईंनी ऑर्गनवाल्या काकांकडे पाहिलं, काकांनी सूर दिला, त्यांनी पुन्हा पहिली ओळ उचलली आणि माझा दिवा शिस्तीत विझत गेला. सुभद्रा अंधारात गायला लागली. मी बटणं शोधत होतो. ताई थांबल्या नाहीत. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता, माइकशिवायही गेला असता. दुसऱ्या कडव्याला मी कसाबसा उजेड आणला. प्रेक्षकांना तो इफेक्टच वाटला असावा, कारण पुन्हा टाळ्या आल्या.

नंतर मी सरांची माफी मागायला गेलो. ते चहा पीत होते. म्हणाले, ‘पद पाठ आहे का तुला?’ मी हो म्हणालो. ‘मग घड्याळ कशाला बघत होतास? तिच्याबरोबर मनात म्हणायचं. ती थांबली की तूही थांबशील.’

पडद्यामागच्यानेही एक पद शिकायचं, हा नियम कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. पुढच्या प्रयोगाला मी ऑटो क्यू काढून टाकले. बोर्डवर हात ठेवून अख्खं पद ओठांत म्हणत बसलो. चौदा वर्षांपूर्वी फुटलेल्या आवाजाला त्यात काहीच अडचण नव्हती.

कोल्हापूरचं नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलं, १९१५मध्ये ते पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालं. ते पुन्हा उभं राहील, तेव्हा तिथे नाट्यगीतांच्या स्पर्धाही होतील. परीक्षक कुणीही असोत, एखाद्या पोराला त्यांनी एवढं विचारावं : बाळ, हे पद म्हणताना तुझ्यासमोर कोण उभं आहे?