गरोदरपणातील झोपेच्या तक्रारी : अखेरची तिमाही

गरोदरपणाच्या २८व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत झोप उशिरा लागणे, रात्री वारंवार जाग येणे आणि झोपूनही शीण न जाणे या तक्रारी सर्रास आढळतात. ‘दिवस भरत आले, एवढं चालायचंच’ असे म्हणून घरात त्या मिटवल्या जातात, आणि पुष्कळदा ते खरेही असते. मात्र याच गर्दीत लोहाची कमतरता, वाढता रक्तदाब आणि यकृताचा एक विकार लपलेला असू शकतो. म्हणून झोप नेमकी कशाने मोडते, हे आधी विचारावे लागते. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या १९९८च्या पाहणीत ७८ टक्के स्त्रियांनी गरोदरपणात झोप एरवीपेक्षा जास्त मोडल्याचे सांगितले होते.

कारणे : वाढलेले गर्भाशय मूत्राशयावर दाबते, बाळाचे डोके खाली उतरू लागले की लघवीसाठी रात्रीतून दोन-तीनदा उठणे नित्याचे होते. प्रोजेस्टेरॉनमुळे अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू सैल पडतो आणि आडवे होताच आंबट घशाशी येते. कंबर धरते, पोटऱ्यांत गोळे येतात, नाक चोंदते. दिवसभराच्या धावपळीत न जाणवलेली बाळाची हालचाल आई अंथरुणावर स्थिरावली की जाणवू लागते. बाळंतपणाची धास्ती वेगळीच.

यांतील बऱ्याच तक्रारींवर साधे उपाय चालतात. पाणी कमी न करता ते सकाळ-दुपारकडे सरकवावे. रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी आणि हलके असावे. उशी वाढवून डोके व छाती उंच ठेवावी. पोटरीत गोळा आल्यास पाऊल नडगीकडे ओढून धरावे. गोळ्यांसाठी मॅग्नेशियम सर्रास लिहून दिले जाते, पण त्याच्या उपयोगाबद्दलचे पुरावे एकमुखी नाहीत. खाण्याचा सोडा मात्र टाळावा, कारण त्यातून सोडियम बरेच पोटात जाते.

अस्वस्थ पाय : या काळातील झोपमोडीचे सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक उपचारसुलभ कारण हेच म्हणता येईल. संध्याकाळ उलटली की पाय, विशेषतः पोटऱ्या, आतून वळवळू लागतात. दुखत नाहीत, पण स्वस्थ ठेवता येत नाहीत. उठून चार पावले चालले की बरे वाटते, पडले की पुन्हा सुरू. हलवण्याची अनावर इच्छा, विश्रांतीत वाढ, हालचालीने उतार आणि संध्याकाळ-रात्रीचा जोर या चार खुणांवर निदान होते. त्यासाठी यंत्र लागत नाही, नीट विचारलेले चार प्रश्न पुरतात. पोटरीचा गोळा यापासून वेगळा : त्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि कळ असह्य असते.

इंग्रज वैद्य टॉमस विलिस याने सतराव्या शतकातच अशा रुग्णांचे वर्णन केले होते. विकाराला आजचे स्थान दिले ते स्वीडिश मेंदूविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांच्या १९४५च्या प्रबंधाने. गरोदरपणाशी आणि लोहाच्या कमतरतेशी असलेला संबंधही एकबॉम यांनीच टिपला. इटलीत मांकोनी व सहकाऱ्यांनी सहाशेहून अधिक बाळंतिणींची पाहणी करून २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. तीत सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांना गरोदरपणात हा त्रास झालेला आढळला. त्याचा जोर अखेरच्या तिमाहीत होता आणि बहुतेकींमध्ये प्रसूतीच्या सुमारास तो ओसरला.

या वळवळीशी जोडले जाणारे डोपामिन हे रसायन मेंदूत तयार होताना लोह लागते, आणि गर्भ वाढत असताना आईचे साठे झपाट्याने रिकामे होतात. येथे एक मेख आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा उणा असू शकतो; तो दाखवते ती फेरिटिनची चाचणी. या विकारात फेरिटिन दर लिटरमागे ७५ मायक्रोग्रॅमच्या खाली असल्यास लोह देण्याचा विचार करावा, असे तज्ज्ञगटांचे मत आहे. नेहमीच्या तपासणीत मात्र हिमोग्लोबिनवरच थांबले जाते.

भारतात प्रश्न अधिक टोकदार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. सरकारी कार्यक्रमात ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली लाल गोळी दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस दिली जाते. ती मळमळ, बद्धकोष्ठ आणि काळ्या शौचामुळे अनेकदा डब्यातच राहते. चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही. लिंबूपाण्याबरोबर चांगले शोषले जाते. मळमळीवरचे मेटोक्लोप्रमाइड आणि गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या पायांची वळवळ वाढवू शकतात. झोपेसाठी म्हणून घेतलेली सर्दीची गोळी अशा स्त्रीला रात्रभर जागी ठेवू शकते. सासू किंवा आई पाय चेपून देते त्याने तात्पुरता आराम पडतो. मालिश, पाय ताणणे आणि संध्याकाळचे चालणे यांची शिफारस वैद्यकीय मार्गदर्शनातही आहे.

कूस : चरकसंहितेच्या शारीरस्थानात (अध्याय ८) सतत उताणे झोपणाऱ्या गर्भिणीच्या गर्भाला नाळेचा वेढा बसतो असे म्हटले आहे. त्याच्याशी नाते सांगणारी समजूत भारतातील अनेक घरांत आहे : कूस बदलताना आधी उठून बसावे, मग वळावे. वस्तुतः नाळेचा वेढा दिवस भरलेल्या चार-पाच बाळंतपणांतून एकदा तरी दिसतो, बहुधा निरुपद्रवी असतो आणि आईच्या वळण्याशी त्याचा संबंध नाही.

उताणे न झोपण्याच्या सल्ल्याला आधुनिक आधार मिळाला तो निराळ्या वाटेने. उताण्या स्थितीत जड गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या अधोमहाशिरेवर टेकते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि गर्भाशयाचा पुरवठाही कमी होतो. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे टोमासिना स्टेसी व सहकाऱ्यांनी २८व्या आठवड्यानंतर बाळ पोटात दगावलेल्या १५५ स्त्रियांची तुलना गर्भ सुरक्षित असलेल्या ३१० स्त्रियांशी केली (२०११). आदल्या रात्री डाव्या कुशीवर न झोपलेल्यांमध्ये धोका अधिक दिसला. ब्रिटनमधील २०१७च्या मोठ्या अभ्यासाने उताण्या स्थितीपुरता त्याला दुजोरा दिला. २०१९ मध्ये पाच अभ्यासांतील ८५१ मृतजन्म व २,२५७ चालू गर्भारपणे एकत्र तपासली गेली. उताणे झोपी जाणाऱ्यांमध्ये धोका सुमारे अडीच पट आला. उजव्या व डाव्या कुशीत मात्र फरक आढळला नाही.

हे अभ्यास घटना घडून गेल्यावर आठवणीवर विसंबून केलेले आहेत, अशी हरकत घेतली जाते. २०१९ मध्येच अमेरिकेत साडेआठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या आधीपासून ठेवलेल्या नोंदींत ३०व्या आठवड्यापर्यंतच्या झोपेच्या स्थितीचा असा परिणाम दिसला नाही. पण ती पाहणी जिथे थांबते तिथून पुढचेच आठवडे वादाचे आहेत. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला २८व्या आठवड्यानंतर कोणत्याही कुशीवर झोपी जावे असा आहे. महत्त्व झोप लागतानाच्या स्थितीला आहे. मध्यरात्री उताण्या स्थितीत जाग आली तर घाबरण्याचे कारण नाही, कुशीवर वळावे. पाठीशी लोड आणि गुडघ्यांमध्ये उशी ठेवली की कूस टिकते आणि कंबरेलाही आधार मिळतो.

घोरणे : स्वीडनमधील फ्रँकलिन व सहकाऱ्यांनी ५०२ बाळंतिणींची माहिती घेतली (२०००). नियमित घोरणाऱ्यांपैकी १४ टक्के स्त्रियांना गरोदरपणातील उच्च रक्तदाब होता, न घोरणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना. घोरणे नव्याने सुरू झाले, झोपेत श्वास अडकल्याचे नवऱ्याच्या लक्षात आले किंवा सकाळी डोके दुखू लागले तर रक्तदाब तपासून घ्यावा.

खाज : तळहात-तळपायांना पुरळाशिवाय सुटणारी आणि रात्री वाढणारी खाज हे पित्तप्रवाह मंदावल्याचे लक्षण असू शकते. रक्तातील पित्ताम्ले मोजून निदान होते. त्यांची पातळी फार वाढल्यास बाळाला धोका असल्याने खोबरेल तेल लावून वाट पाहू नये.

प्रसूतीवरील परिणाम : कॅलिफोर्नियात कॅथरिन ली आणि कॅरिल गे यांनी १३१ स्त्रियांचा मागोवा घेतला (२००४). रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांच्या कळा जास्त वेळ चालल्या आणि त्यांच्यात सिझेरियनची शक्यता साडेचार पट होती. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

औषधे : झोपेच्या गोळ्यांविषयीच्या सावधगिरीला इतिहास आहे. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये ‘कॉन्टेरगान’ नावाने बाजारात आलेले थॅलिडोमाइड निर्धोक झोपेचे औषध म्हणून विकले गेले. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ते घेतलेल्या स्त्रियांची हजारो मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घेतले गेले. अखेरच्या तिमाहीतील चिंता वेगळी आहे : बेंझोडायाझेपिन गटातील गोळ्या प्रसूतीच्या तोंडावर घेतल्यास बाळ मलूल राहू शकते, दूध ओढत नाही. आधीपासून सुरू असलेली गोळी मात्र डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करू नये.

विनाऔषध उपचार : निद्रानाशावरील वर्तनोपचाराची गरोदर स्त्रियांवर पद्धतशीर चाचणी झाली आहे. स्टॅनफर्डच्या रेचल मॅनबर यांच्या १९४ स्त्रियांवरील चाचणीत (२०१९) या उपचाराने ६४ टक्के, तर तुलनेच्या गटातील ५२ टक्के स्त्रिया निद्रानाशातून बाहेर आल्या. उठण्याची वेळ ठरलेली, झोप येईल तेव्हाच अंथरूण, बराच वेळ जाग राहिल्यास उठून बसणे आणि दुपारची डुलकी थोडकी, असे त्याचे स्वरूप असते.

सामाजिक बाजू : पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याच्या रूढीने अनेकींना घरकामातून सुटका आणि दुपारची झोप मिळते. ग्रहणात गरोदर बाईने झोपू नये या रूढीने ती काही तास हिरावलीही जाते. नोकरदार स्त्रियांना मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळाली; त्यांतील जास्तीत जास्त आठ प्रसूतीपूर्वी घेता येतात. असंघटित कामात ही सोय नाही. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांमधील (मजूर जोडप्यांमधील) गरोदर स्त्रिया कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, जमिनीवर झोपतात आणि पहाटे फडात उतरतात. कुशीचा, उशीचा किंवा ठरावीक वेळेचा सल्ला तेथे पोचत नाही.

स्वप्ने : वारंवार जाग येत असल्याने ती अधिक लक्षात राहतात.

प्रसूतीनंतर : वारंवार लघवी, जळजळ आणि घशाशी येणे लवकर थांबते. पायांची वळवळ बहुधा काही आठवड्यांत जाते. पुढच्या गरोदरपणात ती परत येण्याचा संभव असतो. भारतातील कार्यक्रमात लाल गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस चालू ठेवायची असते.