दाळ शिजेना, साबणाला फेस येईना : नळाला येणारं जड पाणी नेमकं काय असतं?

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागात ज्या गावांच्या नळाला विहिरीचं किंवा बोअरचं पाणी येतं, तिथं उन्हाळा लागला की तक्रार ठरलेली. हिटरच्या रॉडवर पांढरा थर चढतो, धुतलेलं स्टीलचं भांडं वाळलं की डाग दिसतात, तुरीची दाळ चार शिट्ट्या जास्त मागते. पाऊस झाला की हाच त्रास थोडा कमी होतो.

आपल्याकडं खाली काळा पाषाण आहे आणि रानात चुनखडीचे खडे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साईड घेऊन मुरतं, त्यामुळं ते किंचित आंबट होतं आणि वाटेतल्या दगडातला कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवतं. पाणी जितके दिवस खडकात राहील तितके क्षार जास्त. म्हणून खोल बोअरचं पाणी जड आणि तलावाचं हलकं. जड म्हणजे खारट नव्हे. खारेपणा मुख्यतः मिठाचा असतो, आणि जड पाणी चवीला गोडही लागू शकतं.

घरच्या घरी ओळखायचं तर एका बाटलीत नळाचं आणि दुसरीत पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, दोन्हीत सारखाच साबण किसून हलवा. जड पाण्यात फेस कमी येतो आणि वर पांढरट साय धरते. तीच साय कपड्यात आणि केसांत बसते. कपडे धुवायला वडीपेक्षा पावडर बरी, तिला जड पाण्याचा अडथळा कमी होतो.

दाळीचं असं आहे, की पाण्यातला कॅल्शियम दाण्याला घट्ट करतो, म्हणून ती फुटत नाही आणि गॅस जळत राहतो. त्यावर उपाय सोपा आहे. पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, गार होऊ द्या, तळाशी बसलेला चुना न हलवता वरचं पाणी ओता आणि त्यात दाळ भिजवून शिजवा. जडपणाचा एक भाग उकळल्यानं तळाला बसतो, सगळा नाही. खायचा सोडा टाकला तर दाळ लवकर शिजते, पण त्यानं ब जीवनसत्त्व कमी होतं. तुरटी फिरवून जडपणा जात नाही, ती फक्त गढूळपणा बसवते.

रॉडवरचा थर काढायला आधी प्लग काढा. लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून रॉडचा तेवढाच भाग त्यात बुडवून ठेवा, मग ब्रशनं घासा. संडास-बाथरूमचं ॲसिड यासाठी वापरू नका. आणि ते ॲसिड ब्लिचिंग पावडरमध्ये तर कधीच मिसळू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. गावात टाकीसाठी ब्लिचिंग पावडर असतेच, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता आरओवाल्यांची गोष्ट. आमच्या घरी एक विक्रेता आला, दोन ग्लासांत वायरी सोडल्या आणि नळाचं पाणी दोन मिनिटांत तपकिरी करून दाखवलं. घरातल्या बाया घाबरल्या. खरं तर तो रंग त्याच्याच लोखंडी पट्ट्यांचा गंज असतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यानं वीज वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. आरओ घ्यायचं की नाही हे तपासणीचा कागद बघून ठरवा. हे मशीन बरंच पाणी वाया घालवतं, ते धुण्याभांड्याला वापरता येतं.

जड पाण्यानं मुतखडा होतो असं सगळीकडं बोललं जातं. पण जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कुठलीही मर्यादा घातलेली नाही. उन्हात राबून पाणी कमी पिणं हे खड्याचं मोठं कारण आहे. पाणी चांगलं लागत नाही म्हणून कमी पिणारे त्यातच अडकतात. ज्याला खडा झालाय त्यानं डॉक्टरांना विचारावं.

मला काळजी वाटते ती जे दिसत नाही त्याची. पांढरा थर डोळ्याला दिसतो, फ्लोराईड आणि नायट्रेट दिसत नाहीत, चवीलाही कळत नाहीत, उकळूनही जात नाहीत. फ्लोराईड जास्त असेल तर लेकरांचे दात डागाळतात आणि वर्षानुवर्षे प्यायलं तर हाडं आखडतात. मराठवाड्यातच नांदेड जिल्ह्यात हा त्रास झालेली गावं आहेत. नायट्रेट खतातून आणि शोषखड्ड्यांतून उतरतं, तान्ह्या बाळाला ते धोक्याचं. विक्रेत्यांकडच्या टीडीएस मीटरवर या दोन्हींचा पत्ता लागत नाही.

भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे जडपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. फ्लोराईड १ पर्यंत, पर्याय नसेल तर १.५, आणि नायट्रेट ४५, त्याला सूट नाही.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि ग्रामपंचायतीला तपासणी किट द्यायचं ठरलेलं आहे. आपल्या गावचं किट कुठं आहे ते ग्रामसेवकाला विचारा. पक्का अहवाल हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. नमुना घेताना नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, लिटरभराची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, वर गाव, तारीख आणि बोअर की विहीर हे लिहा. जंतूंच्या तपासणीला वेगळी निर्जंतुक बाटली लागते, ती प्रयोगशाळेतूनच आणावी. नमुना एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा पावसाळ्यानंतर द्या, कारण दोन्ही वेळचे आकडे सारखे येत नाहीत.