हलकी ध्वनियंत्रणा निवडताना

देवळाच्या सभामंडपातील भजन किंवा पन्नासेक श्रोत्यांची नाट्यगीतांची बैठक यांसाठी लागणारा ध्वनिसंच आता एकट्याला उचलता येतो. 'क्लास डी' अॅम्प्लिफायर आणि स्पीकरमधील निओडिमियम चुंबक यांमुळे वजन उतरले. जाहिरातीतील वजनात स्टँड, केबल व माइक बहुधा धरलेले नसतात, हे वेगळे.

पेटीवर ठळक छापलेला वॅटचा आकडा फसवा असतो. तो बहुतेकदा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. सलग मिळणारी शक्ती 'आरएमएस' या नावाखाली पाहावी. त्याहून उपयोगी आकडा कमाल ध्वनिपातळीचा. शक्ती दुप्पट केली तरी पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. उघड्यावर मात्र अंतर दुप्पट होताच ती ६ डेसिबलने घटते. म्हणूनच सभामंडपात पुरणारा संच अंगणात तोकडा पडतो.

गायक, संवादिनी, तबला आणि डग्गा यांना मिळून चार माइक लागतात. अनेक छोट्या संचांत दोनांचीच सोय असते. कंडेन्सर माइक वापरायचा तर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा हवा. डग्ग्याची घुमारी लहान स्पीकरच्या सडपातळ स्तंभातून पुरेशी येत नाही. त्याला सबवूफरची जोड किंवा १० ते १२ इंची स्पीकर लागतो. संच माइकच्या मागे ठेवल्यास शिट्टी वाजण्याचा धोका वाढतो.

बॅटरीचे सांगितलेले तास बहुधा मंद आवाजाचे असतात. आवाज वाढवल्यावर ती किती टिकते, हे विकत घेण्यापूर्वी स्वतःच्या संवादिनी-तबल्यासह तपासावे.