आधी साखर, मग मार्कर

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी १८३३ साली स्वादुपिंडाच्या रोगांविषयी काही नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या एका रुग्णाला कावीळ होती, शौचावाटे चरबी जात होती आणि मधुमेहही जडला होता. मृत्यूनंतर शवविच्छेदन केले तेव्हा स्वादुपिंडाचा कर्करोग आढळला. स्वादुपिंडाचा साखरेशी काही संबंध आहे, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला, तेव्हा तो सिद्ध झाला. म्हणजे हे दोन रोग एका देहात एकत्र दिसल्याची नोंद त्यामागचे कारण कळण्याच्या अर्धशतक आधीची आहे. आज रक्तातले ट्युमर मार्कर, म्हणजे कर्करोगाची खूण म्हणून मोजले जाणारे पदार्थ, आणि मधुमेह यांच्या नात्याकडे नवा विषय म्हणून पाहिले जाते आणि मार्कर वाढलेला असेल तर पुढे मधुमेह होण्याची शक्यता किती, असे विचारले जाते. या चाचण्यांचा इतिहास वाचला की प्रश्नाची दिशा बदलावी लागते. मार्करचा आकडा मधुमेहाविषयी फार थोडे सांगतो. उलट त्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा, हे माणसाचा मधुमेह पुष्कळ सांगतो.

कर्करोगाची खूण शरीरातल्या द्रवांत शोधण्याचा पहिला प्रसिद्ध दाखला हेन्री बेन्स जोन्स यांचा. १८४० च्या दशकात लंडनमध्ये त्यांना एका रुग्णाच्या लघवीत एक विचित्र प्रथिन सापडले. ते उकळल्यावर विरघळे आणि थंड झाल्यावर पुन्हा साकळे. आज ती मायलोमा या कर्करोगाची खूण मानली जाते. पण ते प्रथिन लघवीत भरपूर होते म्हणून परीक्षानळीत डोळ्यांनी दिसले. रक्तातले अत्यल्प पदार्थ मोजण्याची सोय पुढची शंभर वर्षे नव्हती. ती सोय झाली ती कर्करोगाच्या नव्हे, मधुमेहाच्या अभ्यासातून.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ आणि सॉलोमन बर्सन हे डॉक्टर १९५० च्या दशकात एक तर्क तपासत होते. आर्थर मर्स्की यांचे म्हणणे असे होते की प्रौढ वयात मधुमेह होणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिन तयार होते, पण ते फार लवकर नष्ट होते. यॅलो-बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्सुलिन टोचून ते रक्तातून किती वेळात नाहीसे होते ते मोजले. उत्तर अपेक्षेच्या उलट आले. ज्यांना पूर्वी इन्सुलिनची इंजेक्शने मिळाली होती, त्यांच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळत होते. यात स्किझोफ्रेनियावरचा उपचार म्हणून इन्सुलिन दिले गेलेले, मधुमेह नसलेले लोकही होते. तेव्हा कारण मधुमेह नसून उपचार हेच होते. बाहेरून आलेल्या इन्सुलिनविरुद्ध शरीराने प्रतिपिंडे बनवली होती आणि ती इन्सुलिनला धरून ठेवत होती. एवढ्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतील, हे त्या काळच्या जाणकारांना पटेना. एका मोठ्या नियतकालिकाने निबंध परत पाठवला. दुसऱ्याने १९५६ मध्ये छापला, पण शीर्षकातून इन्सुलिनच्या प्रतिपिंडांचा उल्लेख काढायला लावून. नकाराचे एक पत्र यॅलो यांनी पुढे आपल्या नोबेल व्याख्यानात दाखवले.

जी अडचण वाटत होती, तिचेच या दोघांनी मोजमापाचे साधन केले. प्रतिपिंडे ठरावीक घ्यायची, किरणोत्सारी इन्सुलिनही ठरावीक घ्यायचे आणि त्यात रुग्णाच्या रक्ताचा द्रव मिसळायचा. रक्तात इन्सुलिन जितके जास्त, तितके किरणोत्सारी इन्सुलिन प्रतिपिंडांपासून बाजूला ढकलले जाते. ते मोजले की रक्तातले प्रमाण कळते. १९५९-६० मध्ये ही पद्धत, म्हणजे रेडिओइम्युनोअ‍ॅसे, जगापुढे आली. तिने दाखवलेले पहिले मोठे सत्य असे की प्रौढ मधुमेहींच्या रक्तात इन्सुलिन अनेकदा कमी नसून जास्त असते. यॅलो-बर्सन यांनी पेटंट घेतले नाही, त्यामुळे पद्धत वेगाने पसरली. मुंबईत परळला १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने थायरॉइडच्या तपासणीसाठी याच पद्धतीची किट देशभर पुरवली. १९७७ मध्ये यॅलो यांना नोबेल मिळाले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते.

कर्करोगाच्या अभ्यासकांनी हे साधन लगेच उचलले. मॉन्ट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना १९६५ मध्ये मोठ्या आतड्याच्या गाठीत एक पदार्थ सापडला होता. तो गर्भाच्या आतड्यातही असे, निरोगी प्रौढ आतड्यात मात्र त्यांना आढळला नाही. यालाच आपण सीईए म्हणतो. १९६९ मध्ये त्यांच्या गटाने रेडिओइम्युनोअ‍ॅसे वापरून तो रक्तात मोजला आणि आतड्याच्या कर्करोगाच्या जवळपास सर्व रुग्णांत सापडल्याचे सांगितले. एका थेंबात कर्करोग ओळखता येईल, ही आशा तेव्हाची. ती फार दिवस टिकली नाही. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए वाढलेला निघाला, यकृताच्या विकारात निघाला, आतड्याला सूज असलेल्यांत निघाला. हा पदार्थ रक्तातून काढण्याचे काम यकृत करते, त्यामुळे यकृत थकले की आकडा चढतो. मधुमेहींमध्येही तो थोडा जास्त असल्याच्या नोंदी आल्या, आणि मधुमेहासोबत यकृतात चरबी साचणे किती सामान्य आहे हे पाहता त्यात नवल नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञसभेने निरोगी लोकांत कर्करोग शोधण्यासाठी सीईए वापरू नये असा निर्वाळा दिला.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात पाहिल्या जाणाऱ्या सीए १९-९ या मार्करची गोष्ट याहून बोलकी आहे. १९७५ मध्ये कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची युक्ती काढली. ती वापरून फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये हिलरी कोप्रोव्स्की यांच्या गटाने आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. त्यांतल्या एका प्रतिपिंडाच्या क्रमांकावरून या मार्करला नाव मिळाले. ते प्रतिपिंड ज्याला चिकटते तो पदार्थ म्हणजे लुईस या रक्तगटाशी संबंधित एक शर्करासाखळी. ज्यांच्यात हा रक्तगट मुळातच नाही, अशा सुमारे ५ ते १० टक्के लोकांत कर्करोग असूनही सीए १९-९ जवळजवळ बनत नाही. उलट स्वादुपिंडाच्या आणि पित्ताच्या नळ्यांमधील निरोगी पेशीही तो बनवतात, म्हणून साध्या पित्तखड्यानेही आकडा शेकड्यांत जाऊ शकतो. फ्रान्समध्ये १९९० च्या दशकात आणि तुर्कस्तानात त्यानंतर झालेल्या अभ्यासांत साखर बेताल असलेल्या मधुमेहींचा सीए १९-९ वाढलेला दिसला. साखर आटोक्यात आणल्यावर तो उतरल्याचेही डॉक्टरांनी नोंदवले आहे. पुर:स्थ ग्रंथीच्या पीएसएचे चित्र नेमके उलट आहे. मधुमेही पुरुषांत तो सरासरीने कमी असतो. गरोदर मधुमेही स्त्रियांच्या रक्तात एएफपी हा गर्भात बनणारा मार्करही कमी आढळतो, म्हणून गर्भतपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आईच्या मधुमेहाचा हिशेब धरून तो आकडा दुरुस्त करतात. ही दुरुस्ती मला फार महत्त्वाची वाटते. एका चाचणीपुरते का होईना, वैद्यकाने मान्य केले आहे की मधुमेह ठाऊक असल्याखेरीज मार्कर वाचता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मार्कर मधुमेहासोबत वाढतो, तर तो मधुमेहाच्या आधीही थोडा वाढत असेल, आणि मग त्याचा इशारा म्हणून उपयोग का करू नये? शक्यता नाकारण्याचे कारण नाही. पण इशाऱ्याची किंमत ठरते ती हाताशी असलेल्या इतर इशाऱ्यांशी तुलना करून. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (काही महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी), कमरेचा घेर आणि घरातला मधुमेह या गोष्टी स्वस्त आहेत, आणि ज्या बिघाडाविषयी विचारायचे त्याविषयीच त्या सांगतात. सीए १९-९ वाढण्यामागे मात्र पित्तखडा, यकृत, स्वादुपिंडाची सूज आणि कर्करोग असे अनेक वाटेकरी आहेत. एवढ्या सगळ्यांतून मधुमेहाची चाहूल वेगळी काढायची, तर शेवटी साखरच तपासावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग स्वतःच मधुमेह घडवतो, ब्राइट यांच्या काळापासून ही जोडी दिसते आहे, तर पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या प्रत्येकाची सीए १९-९ चाचणी करून जीव का वाचवू नयेत? हा रोग बहुधा उशिरा कळतो, त्यामुळे या प्रश्नामागची तळमळ योग्यच आहे. डॉ. सुरेश चारी आणि मेयो क्लिनिकमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी सुमारे एका टक्क्याला तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघतो. हा धोका सामान्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. तरी हिशेब मांडून पाहा. अशा १००० माणसांत कर्करोगाचे सुमारे ९ असतील. चाचणी दहापैकी आठ रुग्ण पकडते आणि दर दहा निरोगी माणसांतल्या एकावर चुकीचा ठपका ठेवते असे धरू. सातजण सापडतील आणि जवळपास शंभर निरोगी माणसे स्कॅन, एंडोस्कोपी आणि मरणाच्या भीतीतून जातील. साखर बेताल असेल तर हा शंभराचा आकडा आणखी फुगेल. केरळात डॉ. गीवर्गीस यांनी ज्याचा सविस्तर अभ्यास केला तो खडे होणारा स्वादुपिंडदाह, आणि त्यासोबतचा मधुमेह, यांत कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. पण तिथेही सूज आधीपासून असल्याने नुसता सीए १९-९ फसवू शकतो.

मेयोच्या गटाने २०१८ मध्ये नव्या मधुमेहींतून धोक्याचे रुग्ण निवडण्यासाठी जी गुणपद्धत सुचवली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: वय, वजनातला बदल आणि साखरेतला बदल. ट्युमर मार्कर तिच्यात नाही. तो उपयोगी पडतो निदान झाल्यावर, उपचार लागू पडतो आहे का आणि रोग उलटला का हे पाहण्यासाठी. म्हणून तपासणीच्या पॅकेजात स्वस्त मिळतात म्हणून मार्कर करून घेऊ नका. आणि केलेच असतील व आकडा वाढलेला असेल, तर घाबरण्याआधी तुमची साखर, यकृत आणि पित्ताशय यांचा हिशेब डॉक्टरांकडून मागा. पण पन्नाशी उलटल्यावर साखर अचानक चढली असेल आणि वजन प्रयत्नाविना उतरत असेल, तर कोणत्याही मार्करची वाट न पाहता या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा.