मेंढीही पान्हा चोरते

गाय किंवा म्हैस पान्हा चोरते, हे गोठ्याशी संबंध आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मेंढीबाबत हा प्रश्न आपल्याकडे सहसा उपस्थित होत नाही. दख्खनी मेंढी धनगरांनी मुख्यत्वे मांसासाठी व लोकरीसाठी सांभाळली. तिचे दूध कोकराच्याच वाट्याचे. दक्षिण फ्रान्समध्ये मात्र लाकोन जातीची मेंढी खास दुधासाठी पाळली जाते. रोकफोर हे विख्यात चीज याच जातीच्या कच्च्या दुधापासून करण्याचे बंधन आहे. एका वितात ही मेंढी अडीचशे लिटरहून अधिक दूध देऊ शकते.

चीज उत्पादकाच्या दृष्टीने या दुधाचे मोल त्याच्या दाटपणात आहे. गायीच्या दुधात स्निग्धांश साधारणतः ३.५ ते ४ टक्के, तर मेंढीच्या दुधात ६ ते ७ टक्के असतो. तो पुरता हाती लागेल की नाही, हे मेंढीच ठरवते. कासेतील काही दूध सडांच्या वरच्या पोकळीत साठते, तर उरलेले ते जेथे तयार होते त्या सूक्ष्म पिशव्यांतच राहते. दुधाळ मेंढ्यांत निम्म्याहून अधिक दूध पोकळीत असते, गायीत जेमतेम एकपंचमांश. त्यामुळे मेंढीने पान्हा सोडला नाही, तरी यंत्रात दूध येतच राहते आणि सारे सुरळीत असल्याचा भास होतो. स्निग्धांश मात्र बव्हंशी पिशव्यांत अडकलेला असतो. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरल्याखेरीज तो सुटत नाही, आणि मेंढी बिथरली की हे संप्रेरकच रोखले जाते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्पूनर येथील केंद्रात याची प्रचीती आली. तेथे कोकरे दिवसा आयांजवळ ठेवून रात्री वेगळी केली जात व सकाळी मेंढ्यांचे दूध काढले जाई. कोकरे उत्तम वाढली, महागड्या दूधभुकटीचा खर्च वाचला; पण काढलेल्या दुधात स्निग्धांश लक्षणीयरीत्या कमी भरला. आईने तो लेकरासाठी राखून ठेवला होता, असे म्हटले तर शास्त्रज्ञ हरकत घेतील, पण परिणाम तोच!

कोकरू जन्मतःच तोडावे, तर त्याला भुकटीवर जगवावे लागते. रोकफोर परिसरातील पशुपालक त्याला सुमारे महिनाभर आईजवळ ठेवतात व नंतर दोन वेळा धार काढू लागतात.

धारेच्या वेळचे वर्तनही पाहण्याजोगे आहे. कळपातील मेंढ्या रोज साधारण ठरलेल्या क्रमाने आत येतात. पुढ्यात खुराक असल्याने जुन्या मेंढ्यांना हाकावे लागत नाही. पहिलटकरणी मात्र लाथा झाडतात, अडून बसतात. मेंढी मंद असते, हा समज येथे महागात पडतो. केंब्रिज विद्यापीठाच्या २०१७ मधील प्रयोगात मेंढ्यांनी आपल्या सांभाळणाऱ्याचा चेहरा केवळ छायाचित्रावरून ओळखला होता. म्हणूनच जाणते पशुपालक पहिलटकरणींना विण्यापूर्वीच रिकाम्या यंत्रघरातून फिरवून आणतात, तेथेच खुराक देतात आणि धार काढणारा माणूस शक्यतो बदलत नाहीत.