चिमूटभर मिठाचा इतिहास

गलगंड हा डोंगराळ मुलखाचा जुना सोबती. पैनगंगेपलीकडील आदिलाबाद जिल्ह्यात, गोंड-कोलामांच्या वस्त्यांतून, तोही आढळत आला. डोंगरउतारावरील पाऊस मातीतले आयोडीन धुऊन नेतो आणि त्या मातीत पिकलेले धान्यही त्याला पारखे होते. सुजलेला गळा सर्वांना दिसतो. त्याहून मोठी हानी मात्र आईच्या उदरात, नजरेआड घडते.

1811 साली कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाला समुद्रशेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले. 1922 साली स्वित्झर्लंडने ते मिठात मिसळण्यास आरंभ केला. भारतात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी कांगडा खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोहोंस आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्यास साधे. काही वर्षांतच पहिल्या दोन भागांत गलगंड झपाट्याने ओसरला. 1962 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

परंतु हा कण मेंदूत करतो तरी काय? याचा उलगडा 1986 साली होऊ लागला. गळ्यातील ग्रंथीच्या रसाचा ग्राहक पेशीच्या केंद्रकात, प्रत्यक्ष जनुकांपाशी ठाण मांडून असतो, असे आढळले. रस पोचला की कित्येक जनुके जागी होतात. न पोचला तर तोच ग्राहक त्यांना कुलूप घालून बसतो. मज्जापेशींनी कोठे वस्ती करावी, तंतूंवर आवरण केव्हा चढावे, एकीने दुसरीशी संधान कसे बांधावे, या साऱ्या आज्ञा त्या जनुकांत असतात. गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारणतः गरोदरपणाच्या मध्यास कामाला लागते. तोवर सारी भिस्त आईवर. 1966 साली न्यू गिनीत आरंभलेल्या प्रयोगाने हेच सिद्ध केले. गर्भधारणेपूर्वी आयोडीन मिळालेल्या मातांची मुले जन्मजात मतिमंदत्वापासून वाचली. आधीच गरोदर असलेल्यांच्या बाबतीत मात्र उपायाला उशीर झाला होता.

साध्या खाद्यमिठाच्या विक्रीवरील देशव्यापी बंदी 2000 साली उठविण्यात आली. मीठ निवडण्याचे स्वातंत्र्य ग्राहकास असावे, हा त्यामागील युक्तिवाद. 2006 साली ती बंदी पुन्हा लागू झाली. स्वातंत्र्य मोलाचे खरेच. पण आठवडी बाजारात स्वस्त खडेमीठ घेणाऱ्या मातेच्या उदरातील बालकाला कोण विचारणार? मिटलेले जनुक वेळेवर उघडले नाही, तर पुढे कितीही मीठ खाऊन ती घडी परत येत नाही.