मागच्या खोलीतला कागद

मंडळी, आपल्यापैकी ज्यांनी फ्रँचायझी घेऊन सँडविचचे किंवा पिझ्झाचे दुकान चालवले आहे, त्यांना मागच्या खोलीतला एक कागद आठवेल. किमान वेतन, ओव्हरटाइम, अल्पवयीन मुलांच्या कामाचे नियम त्यावर छापलेले असतात. तो लावणे कायद्याने सक्तीचे आहे. ओहायोतल्या माझ्या दुकानात तो पाच वर्षे भिंतीवर होता आणि मी एकदाही वाचला नव्हता.

१९९२ साली एका रात्री गल्ल्यात १२ डॉलर कमी भरले. काउंटरवर किमान वेतनावर काम करणारी कॉलेजची मुलगी होती. तिच्या पगारातून मी ते कापले. ती भांडली नाही. मला त्या कागदापाशी नेऊन तिने ४.२५ डॉलर या आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, "या आठवड्यात मला तासाला किती पडले?" हिशेब सोपा होता. कपात करून पगार किमान वेतनाखाली नेता येत नाही, हे मला तेव्हा कळले. कंपनीच्या जाडजूड पुस्तकात काकडीच्या चकतीची जाडीसुद्धा दिलेली होती. हे मात्र मी त्यात कधी वाचले नव्हते.

मग मी या कागदाचा इतिहास वाचायला घेतला. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ जण मेले. दारे कुलूपबंद होती. ती आग रस्त्यावरून पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये मजूरमंत्री झाल्या. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या त्या पहिल्या महिला. त्यांच्याच कारकिर्दीत, १९३८ साली, ताशी २५ सेंट किमान वेतनाचा कायदा झाला. पण हॉटेलांतले वाढपी, आचारी त्यातून वगळले गेले होते.

याच काळात फ्रँचायझीचा धंदा फोफावला. रे क्रॉक यांनी १९५५ मध्ये शिकागोजवळ डेस प्लेन्सला आपले पहिले मॅकडॉनल्ड्स उघडले. व्यवस्था अशी की, नाव, पाककृती, शिस्त कंपनीची. जागेवर उभा राहणारा मालक वेगळा, आणि नोकरांचा पगारही त्याच्याच माथी. विक्रीच्या १.९ टक्के रक्कम मालकाने कंपनीला द्यायची. संघराज्याचे किमान वेतन रेस्टॉरंटांना लागू झाले ते १९६६ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९६७ पासून, तेही मोठ्या उलाढालीच्या दुकानांना आणि ताशी एक डॉलरने. बाकीच्या कामगारांना तेव्हा १.४० डॉलर मिळत होते.

खरा मालक कोण, हा वाद आजही मिटलेला नाही. २०१४ मध्ये राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या वकिलांनी मॅकडॉनल्ड्सला सहमालक ठरवण्याचा प्रयत्न केला. २०१९ च्या डिसेंबरात तडजोड झाली, पण कंपनी सहमालक ठरली नाही. मंडळाचा २०२३ चा नवा नियमही मार्च २०२४ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने रद्द केला. कॅलिफोर्नियात मात्र १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या साखळ्यांच्या दुकानांत ताशी २० डॉलर द्यावे लागतात. तेही बहुतेक ठिकाणी फ्रँचायझीवाल्यालाच. म्हणजे रॉयल्टी वर जाते आणि जबाबदारी खालीच राहते. याची चीड येते, हे खरे. पण वरच्यांनी आपल्याला पिळले म्हणून आपण खालच्याला पिळावे, असे कोणत्याही कायद्यात नाही.

माझे वडील परळच्या गिरणीत साचाखात्यात होते. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे जून १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. त्या रविवारी आम्हाला वडील दिसत. अमेरिकेत संघराज्याचा कायदा साप्ताहिक सुट्टी देत नाही. काही राज्यांचे कायदे देतात. गिरणीकामगाराचा मुलगा मालक झाला आणि १२ डॉलरांसाठी हे सारे विसरला.

पैसे मी दुसऱ्या दिवशी परत केले, माफीही मागितली. मुलीने ती मानेनेच स्वीकारली. पुढे दीड वर्ष ती माझ्याकडे होती, आणि गल्ला ती मोजून, माझ्यासमोर बंद करी.

आपल्या मंडळातले तरुण आता फ्रँचायझी घेऊ लागले आहेत. करार वकिलाला जरूर दाखवा. पण दुकान उघडण्यापूर्वी एक दिवस मागच्या खोलीत उभे राहा आणि तो कागद शेवटपर्यंत वाचा.